आठ दिवसांत बदललेलं मूल: मेंदूचा ऑटोइम्यून दाह, वागणं आणि हालचाली

पहाटवारा | सोमवार, रात्री १०:२०

लेक तेव्हा सात वर्षांची होती. आता साडेआठची आहे. शेजारच्या खोलीत मोठ्याने वाचतेय, आणि तो आवाज ऐकतच लिहायला बसले आहे.

सुरुवात झोपेपासून झाली. उशीला डोकं टेकताच झोपणारी पोर रात्री दोन-अडीचपर्यंत टक्क जागी राहायला लागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकट्या भावाला कडकडून चावली. मग तासभर रडणं, मध्येच कारण नसताना हसणं, मग "मला भीती वाटते" म्हणून पायाला मिठी. आम्ही तिला ओरडलो. एकदा मी हातही उचलला, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाही. शाळेतून निरोप आला की उलट उत्तरं देते, जागेवर बसत नाही. ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं ते म्हणाले की धाकट्यामुळे असुरक्षित वाटत असेल, समुपदेशकाकडे न्या. तिथेही नेलं.

सातव्या दिवशी सकाळी ती शर्टाचं बटण लावत होती. डाव्या हाताची बोटं बटणापर्यंत जायची आणि तिथून आपोआप वळवळत बाजूला सरकायची. तिने उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "आई, हा हात माझं ऐकत नाहीये." त्याच दिवशी दुपारी जबडा चघळल्यासारखा हलताना दिसला. मी म्हटलं, तोंडात काय आहे, थुंक आधी. तिने तोंड उघडून दाखवलं. आत काहीच नव्हतं, आणि तोंड उघडं असतानाही जीभ आत-बाहेर होतच होती.

नवव्या दिवशी फिट आली. पुढच्या आठवड्यात बोलणं गेलं. आधी वाक्यं तुटक झाली, मग आपण बोललेलाच शेवटचा शब्द ती परत म्हणायची, मग तेही थांबलं. एमआरआय स्वच्छ आला तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, मेंदूत काही नाही. ईईजीमध्ये मात्र मेंदूच्या लहरी मंदावलेल्या होत्या, आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रतिपिंडं, म्हणजे एरवी जंतूंशी लढायला प्रतिकारशक्ती बनवते ती प्रथिनं, सापडली. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. म्हणजे जंतूने आलेला मेंदूज्वर नव्हे, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर घातलेला घाला.

धागा काढतेय तो एवढ्यासाठी: आम्ही वागणं एका डॉक्टरांना सांगत होतो आणि हाताची हालचाल दुसऱ्यांना. दोन्ही एकत्र, तारखांसकट, कुणालाच सांगितलं नाही. ज्यांच्या घरात असं काही झालंय, होतंय, त्यांनी कृपया लिहा.

---

कंदील | सोमवार, रात्री ११:०५

पहाटवारा ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी मुलांच्या मेंदूविकारांच्या विभागात काम करतो. कुणा एकाला सल्ला म्हणून नाही, आजार कसा चालतो ते सांगतो.

हा आजार नेमका ओळखला गेला २००७ मध्ये, जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांमुळे. त्यांच्या पहिल्या बारा रुग्ण तरुण मुली आणि बायका होत्या. बहुतेकींच्या बीजकोशात टेराटोमा नावाची गाठ होती, आणि त्या गाठीतल्या मज्जापेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मेंदूवर उलटली होती. लहान मुलांत हा आजार किती सापडतो ते पुढे कळलं. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात एक तृतीयांशाहून जास्त रुग्ण अठरा वर्षांखालचे होते. लहान मुलांत गाठ क्वचितच सापडते. तरी ती शोधतातच.

एनएमडीए रिसेप्टर म्हणजे मज्जापेशींच्या पृष्ठभागावरची दारं. ग्लुटामेट नावाचं रसायन आलं की उघडतात. शिकणं, आठवण, झोप, हालचालींचा ताल, सगळ्यात त्यांचा वाटा असतो. प्रतिपिंडं दोन दारांना एकमेकांशी बांधतात, आणि पेशी ती दारं पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशी शाबूत, दारं गायब. केटामाइन हे भुलीचं औषध हीच दारं बंद करतं, आणि त्याच्या अमलाखालचा माणूस जसा भ्रमिष्ट, हरवल्यासारखा, ताठरलेला दिसतो, तशीच ही मुलं दिसतात. मात्र प्रतिपिंडं कमी झाली की दारं परत पृष्ठभागावर येतात. इतकं गंभीर दिसणारं मूल पुन्हा चालू-बोलू शकतं ते यामुळे.

मोठ्या माणसात पहिलं लक्षण बहुधा भ्रम, संशय, भास असं मानसिक असतं. लहान मूल भास सांगत नाही, चिडतं, चावतं, झोपत नाही. मुलांत फिट आणि हालचालींचे दोष लवकर आणि ठळक दिसतात. तोंड-जिभेच्या हालचाली, हातापायांचा कोरिया, म्हणजे आपोआप होणाऱ्या वळवळत्या हालचाली, स्नायू पिळवटून एका जागी अडकणं, एकच कृती पुन्हापुन्हा करणं, आणि कधी याच्या अगदी उलट, पुतळ्यासारखं स्थिर होणं. आपण हात वर करून दिला तर तसाच वर ठेवणं. याला कॅटाटोनिया म्हणतात.

एमआरआय निम्म्याहून अधिक मुलांत स्वच्छ येतो. "एमआरआय नॉर्मल, म्हणजे मनाचं आहे" हे वाक्य या आजारात धोक्याचं. आणि प्रतिपिंडं फक्त रक्तात शोधून भागत नाही, पाठीतलं पाणी तपासावंच लागतं.

जाता जाता: बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट नावाचं ध्रुवीय अस्वल २०११ मध्ये फिट येऊन पाण्यात पडलं आणि गेलं. चार वर्षांनी कळलं की त्यालाही हाच आजार होता.

---

रेघ | मंगळवार, सकाळी ७:१५

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वाचून रात्रभर अस्वस्थ आहे. माझ्या वर्गात चाळीस मुलं. कुणी ना कुणी रोज चिडतं, रडतं, ढकलतं. यातलं कुठलं घाबरण्यासारखं, हे मी कसं ओळखायचं? प्रत्येक हट्टी मुलाच्या पालकांना मेंदूचं काहीतरी असेल असं सांगता येणार नाही, आणि एखादं खरंच तसं असेल तर गप्प राहणंही जमणार नाही.

---

कंदील | मंगळवार, दुपारी १:४०

रेघ बाई, पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हे मूल आधी असं होतं का? हट्टी मूल गेल्या महिन्यातही हट्टी होतं. दाहामुळे बदललेल्या मुलाला तारीख असते. आई म्हणते, "गेल्या बुधवारपासून." मुलांसाठीचे निदानाचे जे निकष २०२० मध्ये आले, त्यातही हाच पाया आहे: आधी व्यवस्थित असलेलं मूल, आणि तीन महिन्यांच्या आत झालेला बदल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत होतो.

दुसरं म्हणजे बदल एकाच खणात राहत नाही. वागण्याबरोबर झोप जाते, बोलणं कमी होतं, अक्षर बिघडतं. वर्गात तुम्हाला सगळ्यात आधी अक्षर दिसेल! महिन्यापूर्वीची वही आणि आजची वही शेजारी ठेवून पाहा. पेन्सिल हातातून सुटते का, मूल जागेवर बसूनही खांदे-बोटं-चेहरा सतत चुळबुळतो का, आलेल्या गोष्टी विसरतं का. अशा दोन-तीन गोष्टी एकाच पंधरवड्यातल्या निघाल्या तर पालकांना बोलवा. निदान सांगू नका. जे पाहिलंत ते तारखेसह सांगा.

---

रातवा | मंगळवार, रात्री ९:३०

अक्षराचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पहाटवारा ताईंचा आजार नव्हता, पण कुळ तेच.

मुलगा नऊ वर्षांचा. हातातून वस्तू पडायला लागल्या. पेला, पट्टी, चेंडू. मी त्याला "धांदरट" म्हणायचो. चेहऱ्यावर सारखे विचित्र भाव, भुवया वर, ओठ एका बाजूला. शाळेत वेडावून दाखवतो म्हणून शिक्षा झाली. जोडीला जरा काही झालं की डोळ्यात पाणी, आणि दाराची कडी दहा-दहा वेळा तपासणं.

तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी त्याला फक्त एवढंच सांगितलं, "माझी दोन बोटं घट्ट धर आणि धरून ठेव." मग मला म्हणाल्या, आता तुम्ही धरायला द्या. मी माझी बोटं दिली. त्याची मूठ आवळत होती, सैल पडत होती, परत आवळत होती, गाईची धार काढताना हात चालतो तशी. तो पूर्ण ताकदीने धरायचा प्रयत्न करत होता, चेहरा लाल झाला होता. मग जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. दोन सेकंदांत आत पळाली. गाढ झोपेत मात्र सगळं शांत असायचं.

सिडनहॅम कोरिया. घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर येणारा. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांना आपली शिकार समजतात. घसा दुखून महिने उलटल्यावर कोरिया येतो, म्हणून आम्हाला संबंधच लक्षात आला नाही. तोवर रक्तातल्या स्ट्रेपच्या खुणाही कधीकधी ओसरलेल्या असतात.

हा संधिवाताच्या तापाचाच एक चेहरा आहे, त्यामुळे हृदयाची इको तपासणी करावीच लागते, बाहेरून छातीत काही ऐकू आलं नाही तरी. आमच्या मुलाच्या झडपेत थोडी गळती निघाली. हालचाली चार महिन्यांत थांबल्या, पण पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी चालू आहे आणि बरीच वर्षं चालणार आहे. ते चुकवायचं नाही. घशाचा संसर्ग परत झाला तर कोरिया परत येऊ शकतो, आणि हृदयाला पुन्हा इजा होऊ शकते.

"धांदरट" हा शब्द आमच्या घरात आता कुणी वापरत नाही.

---

सांजसावली | बुधवार, पहाटे २:१०

जागीच आहे म्हणून लिहिते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा मेंदूज्वर झाला. औषध लगेच सुरू झालं, वाचला, घरी आणला. महिना व्हायच्या आत परत बिघडला. हात-पाय पाण्यात तडफडल्यासारखे सतत हलायचे, रडणं थांबेना, मला ओळखेना. सगळ्यांना वाटलं, विषाणू परतला. पण पाठीतल्या पाण्यात विषाणू सापडला नाही, एनएमडीएची प्रतिपिंडं सापडली. विषाणूने पेशी फोडल्या, आतलं बाहेर पडलं, आणि प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उठली, असं आम्हाला समजावलं.

हर्पिसच्या मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाच्या आईवडिलांनी पहिले दोन-तीन महिने डोळ्यात तेल घालून राहावं. हे कुणी मला घरी जाताना सांगितलं असतं तर माझे सहा दिवस वाचले असते.

---

कंदील | बुधवार, सकाळी ८:००

सांजसावली ताईंचं म्हणणं अगदी खरं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हर्पिस मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर नीट पाळत ठेवली होती, त्यातल्या १४ जणांना पुढे ऑटोइम्यून दाह झाला, सगळ्यांना पहिल्या दोन महिन्यांत. चार वर्षांखालच्या मुलांत तो बहुधा अशाच हालचालींनी सुरू होतो, मोठ्यांत वागण्यातल्या बदलाने.

---

ओंजळ | बुधवार, दुपारी ३:२५

पॅन्डास म्हणतात तेही यातच येतं का? माझ्या भाचीला एका रात्रीत हात धुण्याचं वेड लागलं. डोळे मिचकावणंही सुरू झालं. घरात दोन तट पडलेत.

---

कंदील | बुधवार, रात्री १०:५०

ओंजळ, यावर डॉक्टरांतही दोन तट आहेत. १९९८ मध्ये सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे नाव दिलं: स्ट्रेपच्या संसर्गानंतर अचानक उफाळणारी ओसीडी (एकच विचार किंवा कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) किंवा टिक्स (डोळे मिचकावण्यासारख्या अचानक होणाऱ्या हालचाली). पुढे कारणाची अट सैल करून पॅन्स ही व्यापक संज्ञा आली. अचानक सुरुवात होणारी मुलं आहेत, याबद्दल वाद नाही. त्या प्रत्येकात प्रतिपिंडंच दोषी आहेत का, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावीत का, यावर आहे. टिक आणि कोरिया यांतला फरक मात्र बघून ठेवा. टिक ठरलेली असते, तीच ती, आणि मूल ती थोडा वेळ दाबून धरू शकतं. कोरिया एका जागी राहत नाही, बोटांतून खांद्यात, खांद्यातून चेहऱ्यावर वाहत जातो, आणि दाबता येत नाही. भाचीला फिट, शुद्ध हरपणं, बोलणं जाणं यातलं काही दिसलं तर वाद बाजूला ठेवून लगेच न्या. एरवीही बालमेंदूविकार तज्ज्ञ आणि बालमानसोपचार तज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. ओसीडीचे उपचार थांबवायचं काही कारण नाही.

---

पहाटवारा | गुरुवार, रात्री ९:४५

सगळ्यांचं वाचलं. उपचारांबद्दल दोघांनी निरोपातून विचारलंय, इथेच लिहिते.

आधी पाच दिवस शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस. सोबत आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली प्रतिपिंडं. दोन आठवडे झाले तरी फरक पडेना, तेव्हा रिटुक्सिमॅब. ते प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांनाच उडवतं. काही मुलांना प्लाझ्मा बदलावा लागतो, तो आम्हाला लागला नाही. थांबून बघू, असं म्हणत वेळ घालवू नये, हे सगळीकडे वाचायला मिळेल आणि ते खरं आहे. पण औषध सुरू झाल्यावर मात्र वाट बघावीच लागते. आमचे पहिले पाच आठवडे काहीही हललं नाही.

तिला शांत करायला सुरुवातीला हॅलोपेरिडॉल दिलं होतं. त्यावर ती लाकडासारखी ताठरली, ताप चढला. या मुलांना असली औषधं फार सोसत नाहीत, हे नंतर कळलं. मूल अचानक बिघडलंय, भ्रमिष्ट झालंय आणि या औषधावर आणखी आखडलं, तर डॉक्टरांच्या तातडीने कानावर घाला.

सगळ्यात उपयोगी पडलं काय, तर मोबाइलवरचे व्हिडिओ. दवाखान्यात नेमकी ती शांत असायची. तोंडाच्या हालचालीचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिल्यावर तज्ज्ञ बाई खुर्चीतून उठल्या. चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत येतील असं चित्रण करा. आणि एक वही: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, किती शब्द बोललं.

---

उंबरठा | शुक्रवार, दुपारी १२:३०

मी मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. इस्पितळातून घरी गेल्यानंतरची बाजू मी पाहते, तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

ही मुलं जशी आजारात उतरतात त्याच्या उलट्या क्रमाने वर येतात. श्वास, नाडी, ताप आधी ठरतात, मग नको त्या हालचाली ओसरतात, मग मूल सांगितलेलं करायला लागतं, मग शब्द. वागणं सगळ्यात शेवटी. त्यामुळे एक काळ असा येतो की मूल चालतंय, बोलतंय, बाहेरच्यांच्या दृष्टीने बरं झालंय, आणि घरात मात्र लाथा, शिव्या, ओरबाडणं. जी झोप येत नव्हती ती उलटून दिवसरात्र झोप होते. या टप्प्यावर आईबाप खचतात. त्यांना वाटतं, आजार परतला. बहुतेक वेळा तो परतीच्या वाटेवरचाच टप्पा असतो. आजार उलटतोही, कंदील यांनी सांगितलेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांत साधारण १२ टक्क्यांचा उलटला. म्हणून नवीन फिट, नवीन हालचाल, पुन्हा उडालेली झोप दिसली तर डॉक्टरांना कळवायचंच. पण नुसती चिडचिड हळूहळू कमी होत असेल तर धीर धरा.

त्याच अभ्यासात दोन वर्षांनी ८१ टक्के रुग्ण चांगले सावरले होते. आकडा खरा आहे, पण "सावरले" यात बरंच काही झाकलं जातं. लक्ष टिकवणं, एकामागून एक तीन सूचना पाळणं, राग आवरणं यात उणीव राहू शकते, आणि ती वर्गातच उघडी पडते. रेघ बाई, असं मूल तुमच्या वर्गात परतलं तर अर्धा दिवस शाळा, एका वेळी एकच सूचना, आणि लिहायला जास्त वेळ, एवढं द्या. आपण आधी हुशार होतो हे त्या मुलाला आठवत असतं.

एका मुलीसोबत आम्ही सहा आठवडे नुसती झाकणं उघडत होतो. मोठं झाकण, मग मधलं, मग पेनचं टोपण. टोपण निघालं त्या दिवशी तिने ते परत लावलं, आणि दिवसभर काढत-लावत बसली.

---

चांदणवेल | शुक्रवार, रात्री ११:५५

नवीन सदस्य आहे. पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या बहिणीचा मुलगा, चार वर्षांचा. दहा दिवसांपासून झोप नाही. फार बोलका होता, आता दोन-तीनच शब्द. आज संध्याकाळी ओठ सारखे चोखल्यासारखे करत होता आणि उजवा पाय आत वळवून चालत होता. त्यांना सोमवारची वेळ मिळाली आहे. थांबलं तर चालेल का?

---

कंदील | शनिवार, रात्री १२:०३

नाही. आत्ता न्या. मुलांचा अतिदक्षता विभाग असेल अशा मोठ्या इस्पितळात, तातडीच्या कक्षात. झोप, बोलणं, ओठ, पाय, चारही तारखेसह सांगा आणि "मेंदूचा ऑटोइम्यून दाह असू शकतो का" असा थेट प्रश्न विचारा. व्हिडिओ असेल तर आधी तोच दाखवा. रस्त्यात फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

---

पहाटवारा | शनिवार, रात्री १२:०७

चांदणवेल, निघालात का?

---

चांदणवेल | शनिवार, सायंकाळी ६:२०

रात्रीच नेलं. व्हिडिओ दाखवला, भरती करून घेतलं. पहाटे एक फिट आली, पण तेव्हा आम्ही तिथेच होतो. पाठीतलं पाणी काढलंय, प्रतिपिंडांचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतील. रिपोर्टसाठी न थांबता स्टेरॉइड सुरू करायचं का, हे ते आज रात्री ठरवणार आहेत. विषाणूचं औषध मात्र चालू केलंय. बहीण त्याचा पाय धरून बसली आहे.

---

पहाटवारा | शनिवार, सायंकाळी ६:३१

बहिणीला म्हणावं, वही आजच सुरू कर. काल रात्री तो किती वेळ झोपला?

---

चांदणवेल | शनिवार, सायंकाळी ६:४०

पंचवीस मिनिटं. लिहिलं.